पहिला ग्राहक घरातलाच: सल्लागारीच्या धंद्याला आपलाच सल्ला कसा लावायचा

साकीनाक्याच्या एका गाळ्यात मी सल्लागार म्हणून दर महिन्याला जायचे. एक लेथ, दोन सीएनसी मशीनं, बारा माणसं, सगळं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांच्या ऑर्डरी करून देणं. तिथे माझं एकच तुणतुणं असे: माल गेटबाहेर पडला की त्याच दिवशी बिल, बिलावर पैसे देण्याची तारीख, आणि ती उलटली की तिसऱ्या दिवशी फोन. तिथल्या अकाउंटंटने हे अगदी मनावर घेतलं होतं. एका जूनमध्ये मी माझं बिल त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, हे मार्चच्या कामाचं ना? आणि कधीपर्यंत द्यायचं, ते लिहिलेलं दिसत नाही." मग चहा मागवला. ब्रह्मज्ञान आणि कोरड्या पाषाणाची म्हण तुमच्या ओठांवर आली असेल. त्यांच्याही आली असणार, पण सभ्य माणूस, चहाबरोबर गिळली.

परतीच्या मेट्रोत मी हिशेब केला. त्या वर्षीची माझी बिलं ९ लाखांची, त्यातले २ लाख ४० हजार अजून लोकांकडे. येणी भागिले वर्षाची बिलं गुणिले ३६५, हे सूत्र मी प्रत्येक ग्राहकाच्या पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहिते. बिलाचे पैसे सरासरी किती दिवस लोकांकडे अडकतात, ते त्यातून कळतं. उत्तर आलं ९७ दिवस. त्या गाळ्याचे तेव्हा ५२ होते.

नोकरी सोडून नव्याने सल्लागारीत उतरलेल्यांसाठी हे लिहिते आहे. तुमचा विषय कॉस्टिंग असो, कामगार कायदा असो, एक्स्पोर्टची कागदपत्रं असोत नाहीतर हॉटेलचं किचन बसवणं असो. आपलाच सल्ला आपल्याला लावल्याने शिस्त येते हे खरंच, पण माझा धंदा वाढला तो वेगळ्याच कारणाने. सल्ला अंगावर घेतला की तो कुठे अडतो ते कळतं, आणि नेमकी तीच अडलेली जागा ग्राहकाला आपल्याकडून हवी असते.

पायरी १: आपण काय काय सांगत आलो, ते गोळा करा

आठवून लिहू नका. आठवणीत आपण फार शहाणे असतो. व्हॉट्सॲप, ईमेल आणि डायऱ्या उघडा. गेल्या वर्षभरात ग्राहकांना लिहिलेल्या वाक्यांपैकी जी "करा", "करू नका", "थांबवा" अशी संपतात तेवढी एका वहीत उतरवा. मला यासाठी दोन रविवार लागले. मेगाब्लॉक होता, नाहीतरी कुठे जाणार?

माझ्याकडे अशी साठेक वाक्यं निघाली. एकसारखी एकत्र केल्यावर उरली सात, आणि त्यातली तीन पुन्हापुन्हा येणारी. बिल त्याच दिवशी काढा. भाव शेजारच्याचा बघून लावू नका, आपला खर्च मोजून लावा. एकाच ग्राहकावर एक तृतीयांशापेक्षा जास्त धंदा टेकवू नका. तुमचीही अशी दोन-तीनच निघतील. तोच तुमचा खरा धंदा आहे. व्हिजिटिंग कार्डावर छापलेल्या बाकीच्या दहा सेवा शोभेच्या आहेत.

पायरी २: स्वतःच्या नावाची फाइल उघडा

खरी पुठ्ठ्याची फाइल, वर नाव, आत पहिला पाहणी अहवाल. हा अहवाल तृतीयपुरुषी लिहायचा. "मी बिलं उशिरा काढते" असं लिहिलं की पुढचं वाक्य आपोआप "कारण त्या महिन्यात आईचं आजारपण होतं" असं येतं. त्याऐवजी लिहा: "सदर सल्लागार बाई काम संपल्यावर सरासरी ७० दिवसांनी बिल काढतात. कारण विचारले असता समाधानकारक उत्तर मिळाले नाही." मी हे लिहिलं तेव्हा आधी हसू आलं आणि मग आलं नाही.

जागा घराबाहेरची निवडा. घरी दर दहा मिनिटांनी कुरिअर येतं नाहीतर गॅसवाला. मी महिन्यातल्या पहिल्या शनिवारी सकाळी माटुंग्याला उडप्याकडे बसते. साडेआठच्या आत गेलं तर टेबल मिळतं, आणि दहाच्या पुढे वेटरच्या नजरेने बैठक आपोआप संपते. ग्राहकाबरोबरच्या बैठकीइतकीच ही वेळ पाळायची. ग्राहकाचा फोन आला तर "मीटिंगमध्ये आहे" म्हणा. खोटं नाही ते.

पायरी ३: बिल, येणी आणि सरकारी कागद

सगळ्यात आधी इथेच हात घाला, कारण पैसे इथे अडकलेले असतात. कारखान्यात "माल निघाला" हा क्षण डोळ्यांना दिसतो, टेम्पो गेटबाहेर पडतो. आपल्या कामात टेम्पो नसतो. अहवाल दिला, मग त्यांनी दोन शंका विचारल्या, मग परत एक फेरी झाली. काम संपलं कधी? माझं बिल रखडायचं ते इथे, आळसापेक्षा या संभ्रमामुळे. म्हणून कोटेशनमध्येच कामाचे तीन तुकडे पाडा आणि प्रत्येकाला दिसणारा शेवट द्या: पाहणी अहवाल ईमेल केला, तक्ता लावून दिला, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण झालं. तुकडा संपला की त्या संध्याकाळी बिल. लोकलमध्ये बसून मोबाइलवरून पाठवा, पण त्याच संध्याकाळी.

आता कायद्यातलं, जे बहुतेक नवख्यांना उशिरा कळतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची (एमएसएमई) सरकारी नोंदणी, करा. ती ऑनलाइन आणि फुकट आहे. त्यासाठी हजारो रुपये मागणाऱ्या वेबसाइटी आहेत, त्यांच्या नादी लागू नका. एकट्या माणसाची सल्लागारीही सेवा उद्योग म्हणून सूक्ष्म गटात बसते. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ग्राहकाला लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही लांब लिहिली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारच नसेल तर १५ दिवसांत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज चढतं. शिवाय आयकरातल्या एका तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात ती ४३बी(एच) होती) मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट ग्राहकाला त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळते. तिप्पट व्याजाचं नाव काढलं तर शेठ हसतात. वजावटीचं नाव काढलं की त्यांचा सीए स्वतःच त्यांना फोन करतो. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापा, एवढं पुरतं. आणि नोंदणी काम सुरू करण्याआधी करा. मागाहून केलेली नोंदणी मागच्या बिलांच्या मदतीला येईल याचा भरवसा नाही.

जीएसटी: महाराष्ट्रात सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की नोंदणी घ्यावी लागते, सल्ल्यावर दर १८ टक्के. इथे उशिराच्या वसुलीचा फटका दुप्पट बसतो. कर बिलावर देय होतो, ग्राहकाने पैसे दिले की नाही हे सरकार बघत बसत नाही. म्हणजे त्याच्याकडे अडकलेल्या पैशांवरचे १८ टक्के तुम्ही खिशातून भरता. मग बिलच उशिरा काढावं म्हटलं तर तेही जमत नाही, सेवा दिल्यापासून ३० दिवसांत बिल काढणं बंधनकारक आहे. आगाऊ घेतलेल्या रकमेवरही कर लागतो, ते सगळे पैसे आपले समजू नका.

ग्राहक कंपनी असेल तर तो फीवर १० टक्के टीडीएस कापतो. ६०,००० ची फी असेल तर जीएसटी १०,८००, टीडीएस ६,०००, खात्यात येतात ६४,८००. नवखा माणूस ६४,८०० बघून खूश होतो. त्यातले १०,८०० सरकारचे आणि कापलेले ६,००० आपले, पण ते आपल्या पॅनवर जमा दिसले तरच. दर तिमाहीला आयकर पोर्टलवर बघा. कापून न भरणारे महाभाग असतात.

बाकी कागद पटकन उरकतात. व्यवसाय कर नोंदणी, म्हणजे पीटीईसी, वर्षाला २,५०० रुपये. गुमास्ता, म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याखालची नोंद: हाताखाली माणसं नसतील किंवा एखाद-दुसराच असेल तर ऑनलाइन सूचना देऊन भागतं. बँकेत चालू खातं उघडताना असेच कागद मागतात. एक सीए शोधा, तो स्टेशनजवळ असावा.

पायरी ४: आगाऊ रक्कम मागण्याचा फोन

या पायरीवर मी सगळ्यात जास्त आपटले, म्हणून जरा थांबते.

"ॲडव्हान्स घेतल्याशिवाय मटेरियल कापू नका." हे मी किती जणांना सांगितलं असेल! ते मान डोलवायचे आणि पुढच्या महिन्यात तेच. मला वाटायचं, माणसं ऐकतच नाहीत. मग फाइलमधल्या बाईंनी मला तोच सल्ला दिला: पुढच्या कामाला ४० टक्के आगाऊ घ्या. ग्राहक वसईचा, ओळखीतून आलेला, वडिलांच्या वयाचा. मी फोन लावला, तब्येत विचारली, पावसाचं बोलले, त्यांच्या मुलाच्या लग्नाची चौकशी केली. शेवटी कसंबसं म्हटलं, "काका, ते थोडे पैसे आधी मिळाले असते तर..." पलीकडे दोन सेकंद शांतता. आणि मीच घाईने म्हणाले, "नाही, तसं काही नाही, सावकाश दिलेत तरी चालेल."

फोन ठेवल्यावर कळलं की मी वर्षानुवर्षं लोकांना तत्त्व देत होते, वाक्य देत नव्हते. आगाऊ घ्यावं हे कोणाला माहीत नसतं? ते तोंडातून काढायचं कसं, हे माहीत नसतं. आपल्याकडे पैशाचं बोलणं म्हणजे जरा हलकंपणा, विशेषतः मराठी घरांत. व्यवहाराचं बोलताना आपला आवाज आपोआप खाली जातो.

मग मी वाक्य लिहून काढलं. आरशासमोर म्हटलं, नवऱ्यासमोर म्हटलं, त्याने दोनदा पैसे नाकारले. आता ते असं आहे: "काम १५ तारखेला सुरू करायचं ठरलंय. ४० टक्के जमा झाले की मी ती तारीख पक्की करते. बिल आत्ता पाठवू की उद्या सकाळी?" आणि मग गप्प बसायचं. समोरचा बोलेपर्यंत पूर्ण गप्प. मी हातात पाण्याचा पेला धरते आणि शांतता सुरू झाली की घोट घेते, म्हणजे तोंड बंद राहतं.

पुढच्या पाच कोटेशनपैकी चार जणांनी कुरकुर न करता आगाऊ दिले. मग हेच वाक्य मी साकीनाक्याच्या गाळ्यात नेलं, त्यांच्या धंद्याला बेतून, आणि अकाउंटंटशी तीनदा तालीम केली. पाण्याच्या पेल्यासकट. त्यानंतर फोनवरच्या वाक्यांचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण ही माझी वेगळी सेवा झाली. माझ्या कामात आज सगळ्यात जास्त मागणी त्याच सेवेला आहे, आणि ती कुठल्याही कोर्समधून आलेली नाही.

तुमच्याही कामात अशी एक जागा असणार. आपला सल्ला पाळताना ज्या क्षणी तुम्ही टाळाटाळ करता, चहा करायला उठता, तो क्षण लिहून ठेवा. तारीख, वेळ, काय सबब सांगितली, सगळं. तुमच्या ग्राहकाचं काम याच क्षणी अडतं.

पायरी ५: आपला दर काढा

कारखान्यात मशीनचा तासाचा दर काढताना फक्त कापणीचा वेळ धरत नाहीत. सेटिंग, टूल बदलणं, वीज जाणं, स्क्रॅप, सगळं त्यात येतं. माझा स्वतःचा दर मात्र मी ओळखीच्या एका सल्लागाराला विचारून लावला होता: दिवसाला ६,०००. त्याने तो कोणाला विचारला होता देव जाणे.

महिन्याचे कामाचे दिवस २५ धरा. त्यातले ५ माझे प्रवासात मोडत होते. ४ नवीन लोकांना भेटण्यात आणि कोटेशनमध्ये, ३ अहवाल आणि बिलांत, १ पावसाने किंवा तापाने खाल्लेला. विकायला उरतात १२. बाराला सहा हजारांनी गुणलं तर ७२,०००, त्यातून फोन, पास, विमा, सीए, लॅपटॉपची झीज असे २२,००० वजा. हातात ५०,०००. नोकरीत याहून जास्त मिळत होते. घरी १ लाख १० हजार न्यायचे असतील तर अधिक २२,०००, भागिले १२, म्हणजे दिवसाला ११,०००. आकडा बघून मला घाम फुटला. पण अशाच आकड्यावर मी लोकांना सही करायला लावत होते.

नव्या ग्राहकांना लगेच नवा दर लावला. जुन्यांना जानेवारीत लेखी कळवलं की एप्रिलपासून दर बदलेल. दोघांनी घासाघीस केली, एक सोडून गेला. त्याचं मला दोन आठवडे वाईट वाटत होतं, मग त्याच दिवसांत नवीन काम बसलं. पुढे दिवसावर मोजणंच कमी करून ठरीव फीवर आले, पण दिवसाचा खरा दर माहीत नसेल तर ठरीव फीसुद्धा अंदाजपंचेच निघते.

दर वाढवण्याआधी दिवस वाचवा. मुंबईत ते नकाशावर होतं. मी मुलुंडला राहते. सोमवारी वसई, मंगळवारी भांडुप, बुधवारी परत गोरेगाव, असा माझा भोवरा फिरायचा. मुलुंडहून दादरला जाऊन पुन्हा वर वसईला चढणं म्हणजे कामाआधीच दमून जाणं. आता वार लाइनवर बांधलेत. सोमवार-मंगळवार पश्चिम रेल्वे, बुधवारी भांडुप आणि वागळे इस्टेट, गुरुवारी घाटकोपर-वर्सोवा मेट्रोवरची साकीनाका, मरोळची कामं. ग्राहकाला "मी तुमच्याकडे मंगळवारीच येते" असं सांगितलं की तो उलट जास्त मान देतो. जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष भेटी कमी ठेवा, लिखाणाची आणि प्रशिक्षण साहित्याची कामं तेव्हाच घ्या. पाण्यात अडकलेल्या सल्लागाराचं बिल निघत नाही.

पायरी ६: एकाच खांबावर तंबू

९ लाखांपैकी ५ लाख ४० हजार एकाच ग्राहकाकडून, म्हणजे ६० टक्के. त्यांच्याकडे मालक बदलला असता तर मी रस्त्यावर. यावर जादूचा उपाय नाही. त्या ग्राहकाचं काम कमी करू नका, बाकीचं वाढवा. मी महिन्यातले ते चार दिवस खरोखर नवीन लोकांसाठी राखले आणि मोठ्या ग्राहकालाही त्यात शिरू दिलं नाही. तृतीयांशापर्यंत यायला दीड वर्ष लागलं.

पायरी ७: फाइल ग्राहकाला दाखवा

इथे बहुतेक जण कचरतात. आपली चूक दाखवली तर किंमत कमी होईल असं वाटतं. मी पहिल्या बैठकीत आता माझाच तक्ता ठेवते. वर ९ लाख, येणी २ लाख ४० हजार, ९७ दिवस. खाली दोन वर्षांनंतरचं: २१ लाख, येणी २ लाख २० हजार, ३८ दिवस. भांडुपच्या एका पावडर कोटिंगवाल्यांनी तो बघून विचारलं, "म्हणजे तुम्हालाही लोक पैसे देत नव्हते?" मी हो म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि कपाटातून स्वतःची उधारीची वही काढली. ती वही मिळवायला एरवी मला तीन भेटी लागतात.

तक्त्यात ग्राहकांची नावं कधीच नकोत, आकडे फक्त आपले. आणि आकडा सुधारलेला नसेल तर तसाच दाखवा, खाली उपाय काय केला ते लिहा.

कुठे थांबायचं

सगळेच सल्ले लावू नका. मी चाळीस माणसांच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर घ्यायला सांगते, म्हणून स्वतःसाठीही घेतलं. वर्षभर त्यात नोंदी करण्याचीच नोकरी केली. अकरा ग्राहकांना शंभर पानी वही पुरते, हे मान्य करायला वेळ लागला. सल्ला कोणत्या आकाराच्या धंद्यासाठी आहे, हे तेव्हापासून मी अहवालात लिहायला लागले.

आणि आपली पाठ आपल्याला दिसत नाही. पार्ल्यातल्या एका मैत्रिणीचं कामगार कायद्याचं काम आहे. दर तीन महिन्यांनी आम्ही एकमेकींच्या फायली बदलतो. ती माझी बिलं बघते, मी तिची कोटेशनं. कुणी कुणाला फी लावत नाही, जिची मोठी चूक निघेल तिने जेवणाचे पैसे द्यायचे. मागच्या वेळी मी दिले. माझं दरपत्रक दीड वर्षात हललेलं नव्हतं, आणि तिने वर बासुंदीही मागवली.